पाठीवरची आई

पंचेचाळिशी उलटली, कानशिलं पांढरी झाली, तरी चर्चच्या मंडळीत त्याला सगळे धाकटाच म्हणत. थोरला भाऊ दातांचा डॉक्टर. उंचापुरा, बोलका, मंडळीच्या कमिटीवर. धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर कुठल्यातरी इमारतीच्या गच्चीवर मशीनच्या खोलीत नाहीतर तळाच्या खड्ड्यात, ग्रीसनं बरबटलेला. रविवारी नखं घासून घासून उपासनेला यायचा आणि मागच्या बाकावर बसायचा.

त्यांची आई सुईण होती. नवरा लवकर गेला, पण ती रडत बसली नाही. सायकलला पिशवी अडकवून गल्लोगल्ली हिंडली आणि दोन्ही पोरांना वाढवलं. अर्ध्या मंडळीला या जगात तिनंच आणलं होतं. म्हातारपणी मात्र तिचं डोकं तिला दगा देऊ लागलं. आधी किल्ल्या हरवल्या, मग रस्ते, मग माणसं. तेव्हा ती धाकट्याकडेच राहत होती.

दोन खोल्यांचं घर. बाहेर निघून जाऊ नये म्हणून धाकट्यानं दाराला वर, तिचा हात पोचणार नाही अशी कडी लावली. न्हाणीघरात स्टूल ठेवलं. बायकोच्या हातून ती आंघोळ करून घेत नसे, चावायला धावायची. मग कामावर जाण्याआधी तोच तिला न्हाऊ घालायचा, तोंड दुसरीकडे वळवून. अंगावर पाणी पडलं की ती ओरडायची आणि थोरल्याच्या नावानं हाका मारायची. "अरे, आलास का तू?" असं धाकट्याच्याच तोंडाकडे बघून विचारायची. सुरुवातीला तो सांगायचा, "आई, मी धाकटा." नंतर नाद सोडला. "हो, आलो," म्हणायचा आणि तिची पाठ चोळायचा.

थोरला महिन्या-दोन महिन्यांनी फळं घेऊन यायचा. खुर्चीच्या टोकावर बसायचा, गाडीची किल्ली हातातच. आईला बघवत नाही म्हणायचा आणि उठायचा. एकदा धाकट्यानं फोनवर त्याला सांगितलं, "दादा, ती तुझंच नाव घेते सारखी." ऐकून तरी जरा टेकेल, असं वाटलं होतं. दादा फोनवर हुंदके देऊन रडला. आला नाही.

आई गेली त्यानंतर वर्षभरात थोरल्याच्या डोक्यात सायकलफेरीची कल्पना आली. मंडळीतल्या भावाबहिणींनी मिळून देशाच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत सायकली चालवायच्या, वाटेत गावोगावच्या मंडळ्यांमध्ये प्रभूची साक्ष द्यायची आणि म्हाताऱ्यांसाठी आश्रम उभारायला मदत गोळा करायची. नाव आईचं. चर्चचे पाळकसाहेब तर हरखूनच गेले. सगळ्यांसाठी एकसारखे पिवळे टी-शर्ट शिवून आले, पाठीवर आईचा हसरा फोटो.

"तू यायलाच हवंस," थोरला म्हणाला. "तू नसलास तर बरं दिसणार नाही. आणि सायकलींचं बघायला कुणीतरी लागेलच."

"नका जाऊ," बायको म्हणाली. "तिथं तुमचं काय काम? पंक्चर काढायचं?"

पण त्याला जायचं होतं. खड्डे आणि गच्च्या सोडून त्यानं देश पाहिलाच कुठं होता? आणि मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, जी त्यानं बायकोलाही सांगितली नाही. इतके दिवस दोघं भाऊ एकाच रस्त्यावर असणार. कुठंतरी चढावर दम खाताना दादा विचारेल, "शेवटी आई कशी गेली रे?" त्याला ते कुणालातरी सांगायचं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी चर्चच्या आवारात जत्राच भरली होती. सायकली ओळीनं उभ्या, सामानाची गाडी भरलेली, कुणी टायर दाबून बघतंय, कुणी फोटो काढतंय. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि थोरल्याला पायरीवर बोलावलं.

थोरला छान बोलायचा. आई, तिची सायकल, तिची पिशवी, सगळं डोळ्यांपुढं उभं केलं त्यानं. मग आवाज खाली आणला. "शेवटी ती सगळ्यांना विसरली. फक्त माझं नाव तिच्या ओठांवर होतं. या हातांनी मी तिला न्हाऊ घातलंय, बंधूंनो. आईला न्हाऊ घालताना मला प्रभू भेटला."

बायका डोळे पुसू लागल्या. गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या धाकट्याच्या बायकोनं नवऱ्याकडे बघितलं आणि तडक घराची वाट धरली. तेवढ्यात शिट्टी वाजली, टाळ्या झाल्या, सायकली हलल्या. तोही निघाला. करणार काय?

सगळ्यांच्या मागं तो होता. पुढं रस्ताभर पिवळ्या पाठी आणि प्रत्येक पाठीवर आई. कुणाची आई घामानं चिकटलेली, कुणाची सुरकुतलेली, एकाच्या तर पोटाच्या घेराबरोबर ती दोन्हीकडं ताणली गेली होती. मान खाली घालावी तर खड्डा दिसत नाही, वर करावी तर आई.

दुपारी एका बंद गोदामाच्या सावलीत सगळे थांबले. धाकट्यापुढं लगेच तीन सायकली आल्या. मंडळीत नव्यानं आलेली, शाळेत शिकवणारी एक ताई आपल्या सायकलची चेन दाखवता दाखवता म्हणाली, "तुम्हीपण जायचात ना अधूनमधून आईंना भेटायला?"

त्यानं पाना खाली ठेवला. थोरला पलीकडं भिंतीला टेकून मांड्या चोळत बसला होता. तो त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"दादा, तू आईला कधी न्हाऊ घातलंस?"

थोरल्यानं इकडं तिकडं पाहिलं. "हळू बोल. अरे, लोकांपुढं बोलताना थोडं इकडचं तिकडं होतं. तू केलंस काय, मी केलं काय, घर एकच ना?"

"मग माझं नाव घ्यायचं होतंस."

"नावासाठी करतोयस तू हे? प्रभूला माहीत आहे सगळं."

"प्रभूला आहेच. तुला आहे का, ते विचारतोय."

थोरल्याचा चेहरा लाल झाला. "हे बघ, ती माझंच नाव घेत होती, हे तूच मला सांगितलंस. तुला तिनं ओळखलं तरी होतं का शेवटी?"

धाकटा परत जाऊन चेन बसवू लागला. चेन नीट बसली.

संध्याकाळी एका छोट्या गावातल्या मंडळीनं त्यांचं स्वागत केलं. जेवणं झाली, थोरल्यानं सकाळचीच साक्ष दिली, शब्दाला शब्द. मग सामानाच्या गाडीतून बरोबर आलेले पाळकसाहेब कौतुकानं म्हणाले, "आता धाकट्या भावानंही दोन शब्द बोलावेत."

तो उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर बोलत होता.

"आईला न्हाऊ मी घालायचो," तो म्हणाला. "प्रभू वगैरे कुणी भेटला नाही मला तिथं. ती ओरडायची, ओरबाडायची. भिंतीला घाण फासायची. एकदा मी तिच्यावर हात उगारला होता. मारलं नाही, पण उगारला. ती घाबरून मला म्हणाली, 'साहेब, मी जाते माझ्या घरी.' गेली तेव्हा मी जवळ होतो. दादाला बोलाव म्हणाली. मी म्हटलं, मीच दादा. मग गेली."

पुढच्या रांगेतली म्हातारी पदराशी चाळा करत राहिली. थोरला खाली बघत होता. पाळकसाहेब घाईनं उठले. "दुःखात माणूस काहीबाही बोलतो, आपण समजून घेऊ," म्हणाले आणि त्यांनी गीत सुरू केलं. सगळे उभे राहिले, मोठ्यानं गाऊ लागले. त्या आवाजात धाकटा एकटाच बाहेर आला.

सकाळी तो एसटीच्या टपावर सायकल टाकून घरी परतला. कुणी अडवलं नाही. शाळेतल्या ताईनं तेवढं विचारलं, "आता सायकली कोण बघणार?"

फेरी पूर्ण झाली. पेपरात फोटो आला, समुद्रात चाकं बुडवून सगळे हसताहेत. आश्रमही झाला, दारावर आईचं नाव लागलं. चांगला आश्रम आहे, म्हाताऱ्यांची सोय झाली, हे धाकटाही मान्य करतो. मंडळीत मात्र त्याच्याशी लोक जरा जपून बोलू लागले, आजाऱ्याशी बोलावं तसं. आईवर हात उगारणारा तो, एवढंच त्याच्या बोलण्यातलं लोकांच्या लक्षात राहिलं.

पुढं एकदा पाळकसाहेब घरी आले. चहा घेतला, पंख्याचं कौतुक केलं, मग विषयावर आले. "झालं गेलं विसरा. भावाला क्षमा करा. मंडळीत शांती हवी."

"करतो की," धाकटा म्हणाला. "पण आधी त्याचं काही चुकलं, असं तुम्ही म्हणा. चूकच नाही तर क्षमा कशाची करू?"

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. "दोन्ही बाजू असतात," म्हणाले. निघताना त्यांनी प्रार्थना केली. सवयीनं धाकट्यानं डोळे मिटले, मान झुकवली. बायको कपबशा उचलून आत गेली आणि आमेन होईपर्यंत नळ जोरात सोडून ठेवला.