पार्लरभाभींच्या दातांतला दोरा

माझ्या लिहिण्याखाली आज माझं नाव येतं, ते पार्लरभाभींमुळे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर गोष्टीच्या भरात राहून जाईल आणि मग मला चैन पडणार नाही. माझा स्वभावच तसा. बातमी लावली की दहा वेळा उघडून बघते. ती खोडसुद्धा भाभींनीच लावलीय, आणि त्याबद्दलही त्यांचे आभार.

रत्नागिरीत मांडवीच्या रस्त्यावर त्यांचं पार्लर. दोन खुर्च्या, एक आरसा, नवरा कुवेतला. आयब्रो करताना दोऱ्याचं एक टोक त्या दातांत धरायच्या, म्हणजे हातही अडकलेले आणि तोंडही. खुर्चीतल्या बाईचं त्याहून अवघड. डोळे मिटून दोन्ही हातांनी भुवई ताणून बसलेली. अशा दोन मुक्या बायांच्या मध्ये उभं राहून मोबाइलवरचे नट-नट्यांच्या खबरांचे ब्लॉग मोठ्यानं वाचायचे, हे माझं काम. केस झाडणं, टॉवेल धुणं होतंच, पण मला ठेवलं होतं ते वाचायला. मी जतकडची. नववीत शाळा सुटली, बाप चिऱ्याच्या खाणीवर कामाला आला, त्याच्या मागून आम्ही. भाभींनी एकच विचारलं, वाचता येतं का. मी येतं म्हटलं. त्यावर म्हणाल्या, "मोठ्यानं? लाजत वाचलंस तर मला दोऱ्याच्या आवाजात ऐकू यायचं नाही."

कुणाचं कुणाशी फिसकटलं, कुणी कुणाच्या वाढदिवसाला गेलं नाही, विमानतळावर कुणी तोंड लपवलं, सगळं मी घसा ताणून वाचायची. डॉक्टरीणबाई, शाळेच्या बाई, मासळीची पाटी बाहेर ठेवून आलेली चाची, सगळ्या त्याच दोन खुर्च्यांत बसायच्या आणि एकाच नटीच्या घटस्फोटावर भांडायच्या. मी एकदा विचारलं, की या बायांना त्या नटीचं एवढं काय पडलंय? भाभी हसल्या. म्हणाल्या, "स्वतःच्या सासूबद्दल बोलायची चोरी असते गो. हिच्या सासूबद्दल बोलून घेतात, तेवढंच हलकं वाटतं."

दोरा तोंडात असला तरी त्यांचं मत कळायचं. एक "हं" म्हणजे पटलं. दोनदा "हं हं" म्हणजे थापा आहेत, पुढं वाच. आणि दोरा तोंडातून बाहेर आला, की बायका भुवया सोडून डोळे उघडायच्या. मग तीन प्रश्न यायचे. कोणी बघितलं? कुठून बघितलं? सांगून त्याला काय मिळालं? "जवळच्या सूत्रांनी सांगितलं" असं मी वाचलं की त्या चिडायच्या, "या सूत्राला आईबाप नसतात काय?" पण सगळ्यात जास्त राग प्रश्नचिन्हाचा. 'अमकीनं केलं गुपचूप लग्न?' असं असलं की म्हणायच्या, "ठाऊक आहे तर सांग, नाय तर गप बस. विचारतोस कोणाला, मला?"

एका खबरीपुढं मात्र त्यांचे तिन्ही प्रश्न हरले होते. त्यांच्या तरुणपणी एक नटी ऐन भरात असताना अचानक दिसेनाशी झाली. त्या काळातल्या मासिकांची कात्रणं भाभींनी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवली होती. एकात ती परदेशी गेली, एकात तिला दिरानं कोंडलं, एकात तिला देवाचं वेड लागलं. भाभी डबा बंद करताना म्हणायच्या, "एवढी माणसं बोलली, पण हिला कोणी विचारलंच नाय."

आता माझं पाप. मुंबईच्या एका ब्लॉगवर खबरांखाली मी रोज काहीबाही लिहायची. तिथल्या संपादकानं निरोप धाडला, काहीतरी खास पाठव, कामाचं बघू. माझे पाय जमिनीवर राहीनात. आणि नेमकं त्याच आठवड्यात जवळच भाट्याला एका घरात मालिकेचं शूटिंग आलं. त्यांची केस करणारी आजारी पडली म्हणून भाभींना बोलावणं आलं, आणि भाभींबरोबर मी. रोज टीव्हीवर दिसणारी थोरली सून माझ्या हातातून पिना घेत होती. दमलीस का विचारून तिनंच मला पाणी दिलं.

शूटिंग संपलं. ती सुनेच्याच वेषात, नऊवारी आणि खोटं मंगळसूत्र तसंच, गाडीकडं निघाली. तेवढ्यात घरमालकीण काकू आतून नारळ, तांदूळ, खण घेऊन आल्या, सवाष्ण दारातून अशीच जायची नाही म्हणाल्या. खऱ्या आयुष्यात ती बिनलग्नाची. क्षणभर थांबली आणि तिनं मुकाट पदर पुढे केला. मी पडवीतून फोटो काढला. आणि घरी येऊन तो पाठवला. वर लिहिलं, 'लाडकी सून खरोखरची सवाष्ण? कोकणात गुपचूप भरली ओटी?' दोन प्रश्नचिन्हं.

सकाळी संपादकाचा निरोप, सोमवारपासून ये. मी नाचतच पार्लरला गेले. भाभींनी दोरा दातांत धरला आणि हातानं खूण केली, वाच. ब्लॉग उघडला तर सगळ्यात वर माझीच बातमी. मी वाचली. भाभींनी दोरा तोंडातून काढला.

"कोणी बघितलं?"

"मी."

"कुठून?"

"पडवीतून."

"आणि सांगून काय मिळालं?"

खुर्चीतली डॉक्टरीणबाई एका भुवईची तशीच बसली होती. भाभी ओरडल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंची दुसरी भुवई नीट पुरी केली, पार्लरला कुलूप लावलं आणि मला रिक्षात घातलं.

मालिकेतली ती नटी अजून गावातल्या हॉटेलात होती. तिचं लग्न एका घरी ठरत आलं होतं, आणि सकाळपासून त्या घरचे फोन घेऊन तिची आई रडत होती. मला वाटलं भाभी बोलतील. त्यांनी मला पुढं ढकललं. मी केलं, एवढंच मी म्हणू शकले. ती म्हणाली, "काकूंना नाही म्हणायला माझी जीभ उचलेना. हे तू बघितलं होतंस ना? मग हेच का नाही लिहिलंस?"

तिथून आम्ही भाट्याला. काकूंना विचारलं, ती खरी सून नाही हे ठाऊक होतं का. काकू म्हणाल्या, "ठाऊक होतं गो. पण रोज सात वाजता माझ्या घरात येते. मी भात टाकते तेव्हा तिचं रडणं ऐकते. तिला रिकाम्या पदरानं कशी पाठवू?"

परतीच्या रिक्षात मी तेच लिहिलं. कोणी बघितलं, कुठून बघितलं, मला काय मिळणार होतं, सगळं. प्रश्नचिन्ह एकही नाही. संपादकाला पाठवून म्हटलं, पहिली बातमी काढा. तो म्हणाला, मग सोमवारचं विसर. भाभींनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, विसरले. खोटं कशाला सांगू, मला रडू येत होतं.

लिहिलेलं मी त्या नटीलाही पाठवलं होतं. दुपारी तिनं ते स्वतःच्या पानावर लावलं, काकू ओटी भरतानाच्या त्याच फोटोसकट. मग काय विचारता! ज्या बायांनी सकाळी ब्लॉगवर तिला शिव्या दिल्या, त्याच आता काकूंच्या खणाचा रंग विचारत होत्या. तिन्हीसांजेला संपादकाचा फोन आला. पहिली बातमी त्यानं काढली होती. दुसरी लावली होती, आणि तिच्याखाली माझं नाव होतं.

सोमवारचं काम परत मिळालं. मी मुंबईला निघाले तेव्हा भाभी एस. टी. स्टँडवर आल्या. मी मोबाइलवर ते पान दाखवलं. त्यांनी माझ्या नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आता मला वाचून कोण दाखवणार?" मग लगेच, मला रडायला वेळ न देता, "जा, गाडी सुटेल."

आता रोज सकाळी, पार्लर उघडायच्या वेळेला, मी माझी बातमी मोठ्यानं वाचून त्यांना आवाज पाठवते. उत्तर बहुतेक एका "हं"चं येतं. ज्या दिवशी दोन येतात, त्या दिवशी मी बातमी काढून पुन्हा फोन फिरवत बसते.

पण ही काही परतफेड नव्हे. भाभी, तुमची ती हरवलेली नटी जिवंत आहे. कुठं राहते तेही मला कळलंय. दोनदा तिच्या दारातून परत आले. अजून तिसऱ्यांदा जाईन, दहाव्यांदा जाईन. एक ना एक दिवस तिच्यासमोर बसून विचारणार, आणि थेट मांडवीला येणार. तुम्ही दोरा तोंडातून काढाल, कोणी सांगितलं म्हणून विचाराल. मी सांगेन, तिनंच.