शांत खोलीत चालणारे माग

युनिव्हर्सिटीने विद्यार्थ्यांकडून कल्पना मागवल्या होत्या. कॅम्पसवर जरा बरं वाटेल असं काही सुचवा, ग्रँट आम्ही देतो, करून मात्र तुम्हीच दाखवा. कुणी बाक मागितले, कुणी सायकली. मी शांत खोली मागितली. सगळे हसले. हसू देत. माझं घर पांडेसऱ्यात, लूमच्या खात्याच्या वर. खातं म्हणजे कारखाना, सुरतेत तसंच म्हणतात. खाली माग रात्रंदिवस चालतात, त्यातले काही बाबा चालवतात, आणि मी लहानपणी खेळले तीही त्याच मागांच्या मधल्या बोळीत. अशा घरात अभ्यास काय डोंबलाचा होणार? पण अभ्यासाचं निमित्त होतं. मला एकदा तरी कळायला हवं होतं की शांत म्हणजे कसं असतं.

लायब्ररीमागची बिनखिडकीची स्टोअररूम मिळाली. भिंतींना चिंध्या ठासून भरलेल्या गाद्या ठोकल्या, दाराआड आणखी एक दार बसवलं. काम संपल्यावर आत बोलून पाहिलं, तर शब्द तोंडाबाहेर पडताच विरून जात होता. मला ते आवडलं आणि थोडी भीतीही वाटली.

खोली उघडून आठवडाही झाला नसेल, सुरतेतल्याच लिंबायतची एक मुलगी पुस्तकं आतच टाकून बाहेर आली. ‘अंदर मशीन चाले छे,’ म्हणाली. मी तिला वेड्यात काढलं. मग दुसरी तेच म्हणाली, मग आणखी एक. भिंतीपलीकडे कुणीतरी माग चालवतंय म्हणे. भिंतीपलीकडे वाळलेलं गवत होतं आणि एक तुटकी टाकी. पण सुतावरून स्वर्ग गाठायला कितीसा वेळ लागतो? इथे पूर्वी खातं होतं, एक कारागीर मशीनच्या पट्ट्यात सापडून गेला, तो अजून पाळी भरतोय, असं सुरू झालं. एका सकाळी दाराला लिंबू-मिरची लटकलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही बौद्ध, आमच्या घरात भुताचं नाव काढलं तरी बाबा जेवण सोडून भाषण द्यायला बसतात. मी ते तोडून कचऱ्यात टाकलं. लायब्ररीच्या मॅडम म्हणाल्या, ‘कुणी बसणारच नसेल तर कुलूप लावावं लागेल, बेटा.’

म्हणून भर दुपारी मी स्वतः आत बसले. सोबत हॉस्टेलवरची मैत्रीण, डांगच्या जंगलातल्या खेड्यातली. दोन्ही दारं लावली. आधी काहीच नाही. मग अंगाला मुंग्या याव्यात तसं काहीतरी सुरू झालं, बारीक, लांबून. खट, खट, आणि त्यामागे एक अखंड घरघर. मैत्रिणीकडे पाहिलं तर ती आरामात पान उलटत होती.

‘ऐकू येतंय?’

‘काय?’

मी उठून भिंतीजवळ गेले. आवाज तेवढाच. दुसऱ्या भिंतीजवळ गेले, तरी तेवढाच. तो जवळ येत नव्हता आणि लांबही जात नव्हता, मी जाईन तिथे तो होता. घाबरून मी दोन्ही कान गच्च दाबले, आणि आवाज वाढला.

मी तशीच खाली बसले. भूत असतं तर बरं झालं असतं, असं तेव्हा खरंच वाटलं. मग ज्या ज्या मुलींना आवाज आला होता त्यांना एकेक करून विचारत सुटले, घर कुठे, लहानपण कुठे गेलं. सगळ्या लूमच्या गल्लीतल्या. हॉस्टेलच्या एकीलाही काही ऐकू आलेलं नव्हतं. मॅडमनी आम्हाला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मागांनी कान आतून झिजलेत, म्हणाले, आणखी बिघडू नयेत म्हणून जपा, पण आहे तो आवाज जाईलच असं नाही. खोलीला कुलूप लागलं नाही. भूत नाही म्हटल्यावर हॉस्टेलच्या मुली तिथे खुशाल बसू लागल्या.

घरी मी हे बोलले नव्हते. पण भुताची गोष्ट पांडेसऱ्यापर्यंत पोचलीच. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले, ‘दाखव मले तुहं भूत.’ वऱ्हाड सोडून जन्म गेला, बोली सुटली नाही. नेहमीसारखंच मोठ्याने बोलत होते, लायब्ररीतले लोक वळून बघत होते. मी त्यांना आत बसवलं, दारं लावली आणि बाहेर उभी राहिले. वेळ जाईना. शेवटी ते बाहेर आले, चेहरा अगदी नेहमीचा.

‘काहीच तर नाही तिथं. उगाच लोक भेतात.’

‘मागाचा आवाज नाही आला?’

‘तो तर हायेच ना. तो कुठंही गेलं तरी असते. गावाकडं रानात झोपलो तरी असते.’ मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘साऱ्यायलेच येते ना तो?’

मी मान हलवली. नाही. त्यांना आधी ते पटेना. दाराकडे बघत राहिले. आत कोपऱ्यात आधीपासून बसलेली हॉस्टेलची एक मुलगी डोळे चोळत बाहेर आली, डुलकी लागली असावी. ती लांब जाईपर्यंत बाबा तिच्याकडे बघत होते.

‘मंग तिले आत काय ऐकू येते?’

‘काहीच नाही, बाबा.’

‘काहीच नाही म्हंजे कसं?’

त्यांना काय सांगणार? शांत म्हणजे कसं असतं, हे मला तरी कुठे माहीत होतं.