'सम' खोडून 'मोस्ट'
गरम कचोरीचा वास आला, की मला माझी पीएचडीची तोंडी परीक्षा आठवते, कारण तेव्हा परीक्षकांचा नाश्ता आम्ही विद्यार्थ्यांनीच आणायचा असे. यवतमाळातली ताजी कचोरी, हिरवी चटणी आणि कडक इस्त्रीच्या साडीतली मी, तिघीही सज्ज होतो. माझा इंग्रजी प्रबंध उमरखेडकडच्या दोन बंजारा तांड्यांवर होता. तालुक्यातल्या काही बाया अजून घरचं बियाणं राखतात, असं मी लिहिलं होतं. मार्गदर्शक सरांनी जागोजागी 'सम' खोडून लाल शाईने 'मोस्ट' केलं आणि काही बायांच्या तालुकाभरच्या बहुतेक बाया झाल्या. "मॅडम, कायले भिऊन राह्यल्या? जरा वजन पडू द्या!" तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकं तसलंच एक पान उघडलं. "भेटलात मोजक्या बायांना, आणि बोलता साऱ्या तालुक्याबद्दल? हे कोणी सुचवलं?" मी मोठ्या विश्वासाने सरांकडे पाहिलं. सरांनी तोंडातला घास सावकाश गिळला. "मी तं केव्हाचा सांगून राह्यलो सर, पण मॅडम ऐकतच नाहीत." पदवी अडली, प्रबंध दुरुस्त करून पुन्हा द्या, असं ठरलं. व्हरांड्यात सर हळूच म्हणाले, "मनाले लावून घेऊ नका. त्यांच्यासमोर मले माझी इज्जत सांभाळा लागते ना." "अन् माझी?" मी विचारलं. सर रुमालाने बोटं पुसत राहिले. पदवी पुढे मिळाली. आज मीही इतरांचे प्रबंध तपासते. सर मात्र भेटेल त्याला अभिमानाने सांगतात, "मॅडमचं इंग्रजी म्या सुधरवलं."