गाळ्यातलं इंजिन

पिपरी मेघेला घर बांधलं तेव्हा रस्त्याच्या बाजूला दुकानासाठी एक गाळा काढला होता. भाडेकरू मिळाला नाही, म्हणून तिथे मामाजींची जुनी कार उभी राहायची. मामाजी म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर ते रोहण्याहून आमच्याकडे आले ते त्याच कारने. गाळ्याला लागूनची खोली त्यांची. मधल्या भिंतीत वरच्या बाजूला हवेसाठी एक जाळी ठेवलेली होती.

त्या थंडीत ह्यांनी गाडीचं इंजिनाला पेट्रोल पुरवणारं कार्ब्युरेटर घरीच खोलायचं ठरवलं. ह्यांचं विजेच्या सामानाचं दुकान, हात चांगला चालतो. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, नागपूरहून नवीन गॅस्केटचा संच आणवला आणि जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरून सगळे सुटे भाग पेट्रोलमध्ये धुतले. पोळ्यांनाही पेट्रोलचा वास येतो, असं मला वाटत राहिलं.

गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. मामाजींनी खोलीतूनच टाळी वाजवली. पण ॲक्सिलेटरवरचा पाय काढला की इंजिन थरथरायचं, अडखळायचं, काळा धूर ओकायचं आणि बंद पडायचं.

"स्क्रू फिरवून बघतो," हे म्हणाले. स्क्रू फिरवला, मग दुसरा फिरवला, प्लग काढून पुसले. प्लगांवर काजळी धरलेली. पुसून लावले की थोडा वेळ बरं चालायचं, मग पुन्हा तेच. इंजिन बंद पडू नये म्हणून ह्यांनी रेस वाढवून ठेवली आणि ते तसंच चालू ठेवून ऐकत बसले.

शेजारी बाळंतीण होती. आवाजाने बाळ दचकतं म्हणून तिची आई दोनदा सांगून गेली. मग ह्यांनी शटर जवळजवळ खालपर्यंत ओढून घेतलं, धूर जायला हातभर फट ठेवली. ते पुरेसं आहे असं आम्हा दोघांनाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांच्या दुकानाला सुट्टी होती, म्हणून सकाळपासूनच हे गाळ्यात. मामाजी जाळीखाली खुर्ची टाकून आतूनच सांगत होते, "एक सिलिंडर मरून राह्यलं रे. ऐक नं, आवाज तुटून राह्यला." त्यांना फार दिवसांनी काहीतरी काम मिळालं होतं.

अकराच्या सुमारास ते म्हणाले, "पोरी, डोकं दुखून राह्यलं. चहा देतं काय?"

माझंही डोकं जड होतं. थंडी बाधली असेल म्हणून आलं घालून चहा केला. त्यांनी अर्धाच घेतला. "मळमळून राह्यलं. रातच्या वांग्यानं केलं वाटते," म्हणाले आणि पलंगावर आडवे झाले. गाल मात्र लालसर, टवटवीत दिसत होते. मला उलट बरंच वाटलं.

मी भाजी आणायला बाहेर पडले. बाजारात पोचेपर्यंत डोकं इतकं हलकं झालं की दुखत होतं हेच विसरले. मेथी, टमाटे घेतले, ओळखीच्या बाईशी बोलत उभी राहिले. घरी परतले, स्वयंपाकघरात पिशवी ठेवली, ओट्याशी उभी राहिले. थोड्याच वेळात कपाळात तोच ठणका सुरू झाला.

भिंतीपलीकडे इंजिन अडखळत चालू होतं. मामाजींचा आवाज मात्र येत नव्हता.

"मामाजी?"

मी खोलीत गेले. ते डोळे अर्धे उघडे ठेवून पडले होते. खांदा हलवला तर मान एका बाजूला कलली. मी जाळीकडे बघितलं. जाळीत धूर नव्हता, काहीच दिसत नव्हतं.

गाळ्यात धावले. हे बॉनेटवर हात टेकून उभे होते, दारू प्यायल्यासारखे. मी चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि शटर वर ढकलायला लागले. अर्ध्यावर अडकलं.

"काऊन बंद केलं? आता लागतच होतं," हे जड जिभेने म्हणाले.

"बाबा उठून नाही राह्यले!" मी ओरडले. लग्न होऊन इकडे आल्यापासून इतक्या वर्षांत माझ्या तोंडून वऱ्हाडी तेव्हाच निघाली.

ह्यांना उभंही राहता येत नव्हतं. शेजारचा जावई आणि मी मिळून मामाजींना चादरीसकट अंगणात आणलं. श्वास चालू होता, पण फार अंतराने. प्रत्येक श्वासानंतर हा शेवटचा तर नव्हे, असं वाटायचं.

दवाखान्यात दोघांनाही ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, "गाडीच्या धुरातल्या विषारी वायूला ना वास असतो ना रंग. आणखी थोडा उशीर झाला असता तर..." ह्यांना संध्याकाळी बरं वाटलं. मामाजी दुसऱ्या दिवशी बोलले. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "काही आठवडे लक्ष ठेवा. बरं वाटल्यावरही मेंदूवर परिणाम दिसू शकतो."

ह्यांनी गाडी ढकलत रस्त्यावर नेली आणि मेकॅनिकला बोलावलं. त्याने कार्ब्युरेटर उघडलं. आतल्या फ्लोटची, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या डबीची, पत्र्याची पट्टी जोडताना वाकली होती. त्यामुळे पेट्रोल वेळेवर थांबत नव्हतं, जास्तीचं सारखं आत जात होतं. त्याने ती एवढीशी पट्टी चिमट्याने जरा खाली दाबली. इंजिन शिलाई मशीनसारखं एकसारखं चालायला लागलं. हे फुटपाथवर बसून रडले.

मामाजी खाऊ-पिऊ लागले, पेपर वाचू लागले. मी निर्धास्त होत आले होते. एका सकाळी ते अंगणात दात घासायचा ब्रश हातात धरून उभे दिसले. बराच वेळ तसेच उभे.

"काय झालं, मामाजी?"

त्यांनी ब्रश माझ्यापुढे धरला. "याचं काय करतेत, व?"

पुढे औषधांनी पुष्कळ सुधारले. बाहेरगावी शिकणाऱ्या नातवाचं नाव आठवतं, शेताचा बांध आठवतो. शर्टाच्या गुंड्या अजून मलाच लावून द्याव्या लागतात.