भावजींच्या गाडीचे फूटरेस्ट

आमचे भावजी रोज बारामतीला जायचे आणि तिथं काहीही करायचे नाहीत. बाजार नाही, दवाखाना नाही, कचेरीतलं काम नाही. सकाळी डेअरीवर दूध घालून आले की मोटरसायकल पुसायची, "जरा जाऊन येतो" म्हणायचं आणि निघायचं. दुपारी जेवायला हजर. त्यांची आई खाटेवरूनच विचारायची, "कुठं गेलतास रं?"

"बारामतीला."

"काय केलंस?"

"परत आलो."

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. शेळगावात त्यांना निलगिरी म्हणायचे, कारण माणूस तसाच सरळसोट उंच. आमच्या दाराची चौकट त्यांच्या कपाळाला ओळखायची. गोड बोलणं त्यांना कधी जमलं नाही. आमटीत मीठ कमी पडलं तर तोंडावर सांगायचे, जास्त झालं तरी सांगायचे, बरोबर असलं तर गप्प जेवायचे. मला ते बरं वाटायचं. माझे मालक होते तोवर त्यांना काही रुचलं की नाही हे मला कधी कळलं नाही. मालक गेले, मुलगा पुण्याला लागला आणि घरात आम्ही तिघं राहिलो. भावजी, मी आणि आमच्या सासूबाई. त्यांना आम्ही सगळे आत्याबाई म्हणायचो.

आत्याबाईंना दुखणं असं काही नव्हतं. एकटं राहायची भीती होती. दर थोड्या वेळानं "बाळू" अशी हाक यायची. भावजी गोठ्यात असले की ओ द्यायचे, उसात असले की मी द्यायची. मग काही काम नसायचं. "न्हाय, म्हटलं हायस का," एवढंच. भावजींना मुलगी बघायला जायचं ठरलं की नेमकी आत्याबाईंना चक्कर यायची. दोनतीनदा असं झाल्यावर मुलीवाले यायचे थांबले, आणि चक्करही थांबली. भावजी त्यावर कधी बोलले नाहीत. त्यांनी मोटरसायकल घेतली.

एकदा मला म्हणाले, "चला वहिनी, बसा मागं. बारामती दाखवतो."

मी म्हटलं, "आन हितं ओ कोण देणार? तुमची गाडी?"

ते हसले नाहीत. एक जण घरी थांबला तरच दुसरा जाणार, हे त्यांनाही ठाऊक होतं. शिवाय पुरुषाला जायला नुसती गाडी लागते, बाईला कारण लागतं. माझ्याकडं दोन्ही नव्हतं.

पुढं भावजींचा उजवा गुडघा धरला. वयाचं दुखणं, त्यात एवढे लांब पाय. गाडीवर पाय ठेवायचे फूटरेस्ट इतके वर की गुडघा दुमडून जवळपास टाकीवर यायचा. थोडं अंतर गेलं की कळ. मग ते उजवा पाय फूटरेस्टवरून काढून बाजूला लांब काठीसारखा धरून गाडी चालवायला लागले. ओढ्यापाशी एका सायकलवाल्याची पिशवी त्या पायात अडकली आणि तो भेंडीसकट आडवा झाला. भेंडी वेचून दिली, पण बातमी त्यांच्याआधी घरी पोचली.

आत्याबाई खाटेवर ताठ बसल्या. "बास झालं आता. इकून टाक ती गाडी. हातपाय मोडून घेशील एक दिवस."

"पायाचं बघतो मी."

"काय बघतोस? घरात बस. माझ्यापशी बस."

भावजींचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला. दावणीच्या बैलाला दुसरं दावं लावल्यावर तो जसा मान आखडतो, तसा. गाडी बंद म्हणजे भावजी बंद, हे मला चुलीपाशी बसून कळलं. मी भाकरी थापता थापता म्हटलं, "पाय वर जात न्हाय तर ते फूटरेस्टच खाली घ्या की. खाटंची दोरी आपण सैल करतो, तसं."

सल्ला म्हणून नव्हतं म्हटलं, वैतागानं म्हटलं होतं. ते जेवण अर्धं टाकून उठले आणि शौकतच्या वेल्डिंगच्या दुकानात गेले.

शौकतनं दोन्ही फूटरेस्टचा दांडा गाडीखालून सोडवला, मध्ये लोखंडी पट्ट्यांचे तुकडे घालून तो चांगला वितभर खाली बसवला. मग ब्रेक पायाच्या वर राहिला, म्हणून तोही वाकवून खाली घेतला, गिअरचा दांडा फिरवून खाली केला. भावजी बसले आणि त्यांचे पाय खुर्चीवरून सोडावेत तसे सुटले. शौकत म्हणाला, "तात्या, आता गाडी हाय का आरामखुर्ची?" भावजी रुबाबात घरी आले, साइड स्टँड लावला आणि दोन पावलं चालले, तोच गाडी पलीकडं धाडकन पडली, ती कोंबड्यांच्या खुराड्यावर. साइड स्टँड त्याच दांड्याला होता. दांडा खाली गेला तसा स्टँडही खाली गेला, गाडी कलेना, सरळ उभी राहिली आणि उलट्या बाजूनं गेली. दोघांपैकी एकाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं.

मी म्हटलं, "एक कोंबडी मेली. आज रस्सा."

स्टँड कापून घ्यायचा सोडून त्यांनी अंगणात पहारीनं एक खळगा खणला. स्टँडचं टोक त्या खळग्यात, मग गाडी नीट कलून उभी. म्हणाले, "कापल्यावर पुन्ना जोडता येत न्हाय. खड्डा बुजवता येतो." बारामतीत डांबरावर खड्डा कुठला, तिथं ते डबल स्टँडला ओढून लावायचे आणि गुडघा चोळत बसायचे. पण जायचे.

आता गतिरोधकाचं सांगते, कारण सगळं तिथंच अडलं.

भावजी निघाले की परत येईपर्यंत आत्याबाईंचं लक्ष रस्त्याकडं. मग त्यांनी खाटच रस्त्याकडेच्या लिंबाखाली टाकायला लावली. उसाच्या दिवसांत त्या रस्त्यानं दोन दोन ट्रॉल्या लावून ट्रॅक्टर सुटायचे, गाणी एवढी मोठ्यानं की मागचं काही ऐकू येणार नाही. एकदा ट्रॉलीतून सुटलेली उसाची मोळी खाटेच्या पायाशी येऊन पडली. भावजी खाट आत घ्यायला धावले. आई खाट हलवू देईना. मग त्यांनी ग्रामपंचायतीच्या इतक्या खेपा घातल्या की शेवटी घरासमोर गतिरोधक झाला. करणाऱ्यांनीही हात राखला नाही. मुरूम, खडी, डांबर ओतून चांगला बांध घातला रस्त्यावर.

दुसऱ्या दिवशी भावजी नेहमीसारखे "जरा जाऊन येतो" म्हणून निघाले. पुढचं चाक गतिरोधकावरून गेलं आणि खाली घेतलेले फूटरेस्ट त्याच्या माथ्यावर टेकले. खर्रर्र आवाज झाला. गाडी मध्येच अडकली. पुढचं चाक पलीकडं, मागचं अलीकडं, आणि भावजी वर, पाय दोन्हीकडं रस्त्याला टेकलेले.

आत्याबाई खाटेवरून बघत होत्या. त्या हसल्या. दात नसलेलं तोंड उघडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "आता कुठं जाशील रं बाळू?"

मी हातातला झाडू टाकला आणि मागून गाडी ढकलली.

शौकत म्हणाला, "फूटरेस्ट जरा वर घेऊ, तात्या."

"वर घेतलं की गुडघा न्हाय म्हनतो."

"मग गतिरोधक रातीचा थोडा तासून टाकू? कुणाला कळतंय?"

"तासला की ट्रॅक्टर पळत्यात. आई हितं असती."

असे ते स्वतःच्याच कामात अडकले. मग रोजचा रिवाज ठरला. गतिरोधकापाशी आले की भावजी गाडीवरून उतरायचे. उतरणं हेच त्यांच्या गुडघ्याला सगळ्यात जड. ते हँडल धरून गाडी तिरकी काढायचे, मी मागून लोटायची. पलीकडं गेलं की गुडघा चोळून पुन्हा चढायचे. परत येताना हॉर्न वाजवायचे, मी जायची. डांबरावर फूटरेस्टचे दोन ओरखडे पडले होते, ते पावसापाण्यातही गेले नाहीत.

आमचं दोघांचं जे काही बोलणं झालं ते त्या गतिरोधकावर झालं. घरात बोललं की खाटेवरून तिसरं माणूस बोलायचं. एकदा गाडी लोटता लोटता मी विचारलं, "पेट्रोल जाळून तिथं करता तरी काय?"

"एसटी स्टँडवर बसतो. च्या घेतो. लोकं गाडीत चढत्यात, ती बघतो."

"मग चढावं एकदा तुमीबी."

"कशाला? माझी गाडी हाय की," म्हणाले, आणि मग गाडी सुरू करून, माझ्याकडं न बघता, "तुमी हितं हाय म्हणून जातो मी. म्हाईत हाय मला."

एवढंच ते मला आयुष्यात बरं बोलले. मी म्हटलं, "निघा, ऊन व्हतंय."

भावजी गेल्या थंडीत गेले. गोठ्यात छातीत कळ आली, धार काढायची राहिली. आत्याबाई अजून आहेत. पहिल्यांदा त्यांना सांगितलं तेव्हा त्या ऊर बडवून रडल्या, चार दिवसांनी विसरल्या आणि विचारलं, "बाळू कुठंय?" पुन्हा सांगितलं, पुन्हा तोच आकांत. मग मी सांगायचं बंद केलं. आता "बाळू" अशी हाक आली की मी ओ देते आणि म्हणते, "जरा जाऊन येतो म्हणून गेल्यात." त्यांना ते पटतं. तेच ऐकत आलेल्या आहेत.

गाडी अंगणात त्या खळग्यात स्टँड रोवून उभी आहे. पुण्याहून माझा मुलगा फोन करतो, विकून टाक म्हणतो. गिऱ्हाइकं आली. जो बसतो त्याचे पाय खाली फूटरेस्ट शोधत लोंबकळतात. एक जण म्हणाला, "काकू, ही गाडी हाय का झोपाळा?" मी म्हटलं, "घ्यायची न्हाय तर उतरा." ती कुणालाच बसत नाही, म्हणून आहे. जपून वगैरे ठेवलेली नाही.

मागच्या आठवड्यात सकाळपासून हाका चालल्या होत्या. चुलीवरचं पातेलं मी उतरवलं आणि शेजारच्या यमुनाला म्हटलं, आत्याबाईंपाशी बस. तिनं विचारलं, "दवाखान्यात जायचंय व्हय?" मी म्हटलं, "न्हाय." "मग?" "मग काय न्हाय." पदर खोचला, आत्याबाईंना म्हटलं, "जरा जाऊन येते." गतिरोधक चालत ओलांडला. मोठ्या रस्त्याला एसटी मिळाली.

बारामतीच्या स्टँडवर मी बाकड्यावर बसले. चहा घेतला, पाणचट होता. तिथं हाकांचा नुसता गोंधळ. कंडक्टर ओरडत होते, इंदापूर, फलटण, भिगवण, पोरं आईला हाक मारत होती, फळवाले ओरडत होते. मला वाटलं होतं भावजी शांततेसाठी येत असतील. शांतता कुठली! पण बसल्या बसल्या कळलं. एवढ्या हाका, आणि त्यातली एकही मला नव्हती. कुणालाच ओ द्यायची नव्हती. मी दुसरा चहा सांगितला.

दुपारी घरी आले तर यमुना वैतागून दारात उभी. आत्याबाई लिंबाखाली खाटेवर. माझ्याकडं निरखून बघितलं.

"कुठं गेलतीस गं?"

"बारामतीला."

"काय केलंस?"

"परत आले," मी म्हटलं.