ओढ्याकाठच्या पट्टीची बारी

"आजी म्हणू नका मला. माझा नातू अजून जन्मायचाय," ती म्हणाली. "जमीन माझी, अर्जही माझाच. विचारा काय विचारायचं ते."

शेतीचं अनुदान तपासायला आलेला तरुण साहेब हसला नाही. त्यानं हातातला टॅब तिच्यापुढं धरला. तिच्या शेताभोवती निळी रेघ होती, दिराच्या शेताभोवती पिवळी, आणि मधली ओढ्याकाठची पट्टी लालभडक. एकाच पट्टीवर दोघांनी अर्ज केलाय, तो म्हणाला. एकाला ती सोडावी लागेल. सोडेल त्याचा अर्ज खोटा धरून यंदाचं सगळं अनुदान बंद. कुणीच सोडली नाही तर दोघांचंही बंद.

वादळानं तिच्या गोठ्याचं अर्धं छप्पर नेलं होतं, आणि नवं घालायला या पैशाशिवाय दुसरी वाट नव्हती.

दीर चार पावलांवर फावड्याला टेकून उभा होता. एका उसनवारीच्या शिडीवरून दोघांचं बोलणं तुटलं त्याला अकरा वर्षं झाली. शिडी कधीच कुजून गेली, अबोला मात्र शाबूत. पट्टीचं तेवढं सुरळीत चाललं होतं. तिचे दोन तुकडे केले तर नांगर वळायलाही जागा उरणार नाही, म्हणून सासऱ्यांनी वाटणीत ती मोडलीच नव्हती. एक साल थोरल्याची बारी, एक साल धाकट्याची. थोरला, म्हणजे तिचा नवरा गेल्यावर त्याची बारी ती करू लागली. तोंडं बंद, बारी चालू.

गाडं अडलं ते गेल्या साली. बारी दिराची, पण ऐन पेरणीत मांडीचं हाड मोडून तो दवाखान्यात पडला आणि पट्टी पडीक राहिली. त्याची बारी गेली, यंदा माझी, असं तिनं धरलं. माझी बारी राहिली, ती यंदा, असं त्यानं धरलं. एका शब्दानं विचारायचं, तर बोलणार कोण?

तिनं हे सगळं सांगितलं. बारीत असा खाडा आधी कधी पडला होता का, साहेबानं विचारलं.

गाव तिला वकीलबाई म्हणायचं. वादात तिला हरवणारा माणूस गावात नव्हता. पण खाडा पडला होता. नवरा गेला त्या साली बारी त्याची होती आणि पट्टी अशीच पडीक राहिली. पुढच्या साली बारी दिराची. तो नांगर घेऊन कडेपर्यंत आला, थांबला आणि तसाच माघारी वळला. तिनं लांबून पाहिलं होतं, आणि त्या साली राहिलेली बारी तिनंच केली होती. त्या दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

तिनं दिराकडं पाहिलं. तो फावड्याचा चिखल खरवडत होता. मेल्यानं तोंड उघडलं असतं तर तिला भांडता तरी आलं असतं. तसं काही ठरलं नव्हतं, म्हणाली असती. साहेबानं घड्याळ पाहिलं.

"भावजी," ती म्हणाली, "त्या साली तुम्ही नांगर कडेवरून माघारी नेला होता."

त्यानं मान वर केली. "हो."

"मग मघापासून तोंडात काय धरून बसलात?"

"तुम्हाला ठाऊक होतं की, वहिनी."

तिनं साहेबाला सांगितलं, पट्टी त्यांची, माझं नाव काढा. साहेबानं पुन्हा एकदा नियम वाचून दाखवायला घेतला.

"ऐकू येतं मला. सही कुठं करायची ते सांगा."

टॅबच्या काचेवर बोटानं सही उमटेना. तिनं बोट कपड्याला घासून पुसलं, तिसऱ्या खेपेला उमटली. साहेब गाडीकडं गेला. दीर तिथंच घुटमळत होता.

"छपराचं काय करणार?"

"बघीन."

कांद्याचा अर्धा वाफा खुरपायचा राहिला होता आणि ऊन चढत होतं. तिनं खुरपं उचललं आणि तणात बसली.