अरुणावतीचा डोह

अरुणावती मंगरूळकडून येते आणि मानोऱ्याच्या अंगानं दिग्रसकडे निघून जाते. पावसाळा सरला की धार तेवढी उरते. बंजाऱ्यांच्या तांड्याखाली मात्र करंजांच्या सावलीत तिचा एक डोह आहे, तो उन्हाळ्यातही आटत नाही. त्या पाण्यापायीच रूपाबाईच्या आजेसासऱ्यानं मिठाच्या गोण्या वाहणारे बैल इथं सोडले होते. पुढे मीठ रेल्वेनं जाऊ लागलं, बैल विकले गेले. काठची काळी जमीन आधीपासूनच गावाची. तांड्याच्या वाट्याला बरड आणि मोहाची झाडं आली.

सून होऊन आलेली रूपाबाई सासूजवळ मोहाच्या दारूची भट्टी लावायला शिकली. फुलं सडवायची, वाफ थंड करायला डोहाचं पाणी ओतत राहायचं. मानोऱ्याच्या बाजाराला जाणारे वाट वाकडी करून तिच्याकडे येत.

मग दारूबंदीचा अंमल कडक झाला. तिचा नवरा लालसिंग भरलेली मडकी दोरीनं बांधून डोहाच्या तळाशी ठेवू लागला. धाड आली की स्वतःही पाण्यात शिरे आणि करंजाच्या मुळ्यांखाली नाक तेवढं वर ठेवून बसे. तांड्यातला हरिसिंग जेलातून खोकला घेऊन आला होता आणि थोड्याच दिवसांत गेला होता. तेव्हापासून लालसिंगानं जेलाची धास्तीच घेतली होती.

चोपन्न सालच्या चैत्रात भरदुपारी जमादार शिपाई घेऊन आला. लालसिंग पाण्यात गेला. रूपाबाई काठावर वाळूनं पातेलं घासत बसली. नवरा लाकडं तोडायला आसेगावला गेला, असं तिनं सांगितलं. जमादार उन्हानं दमला होता. तो तिथंच खडकावर टेकला, त्यानं पाणी मागितलं. तिनं डोहातलाच तांब्या भरून दिला. शिपायांनी विड्या पेटवल्या.

मधेच पाणी जोरात हललं, बुडबुडे वर आले.

"मासे हायत काय इथं?" एका शिपायानं विचारलं.

"हायत," रूपाबाई म्हणाली.

लालसिंग कधी असा हलत नसे. पण मुळ्यांखालीच असेल तो, असं मनाला बजावत ती घासत राहिली. पाणी पुन्हा निवळलं. विड्या संपल्यावर ते लोक उठून गेले, तेव्हा कुठं तिनं लालसिंगाला हाक मारली.

तांड्यातून धावत आलेल्या दीर अमरसिंगानं बुडी मारून त्याला वर काढलं, तेव्हा जीव उरला नव्हता. मडक्यांच्या दोरीत त्याचा पाय अडकला होता.

अमरसिंग तिची समजूत घालत होता. "भाभी, तू बोलली असती तं त्याले जेल झाली असती."

"हरिसिंग घरी येऊन तं मेला," ती म्हणाली.

तिनं भट्टी मोडून टाकली आणि दिवाळीनंतर ती कापूस वेचायला कामरगावकडे गेली. हंगाम सरला तसं ते कामही सरलं. फाल्गुनात मोह पुन्हा गळू लागला. दुसरं काही नव्हतंच. डोहाच्या काठी, त्याच जागी, तिनं चूल मांडली. फुलांची टोपली डोक्यावर घेऊन ती उतारानं येऊ लागली की बाया बोलता बोलता गप्प होत. काय बोलत होत्या, हे तिनं कधी विचारलं नाही.